केबलमधून फोनला वीज: चोवीस फोन, एक स्विच आणि महिनाभराच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

काम ठरलं. सदाशिव पेठेतलं एक सीए ऑफिस, दोन मजले, २४ टेबलं. जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज, पाऊस लागला की खरखरतो, त्यामुळे आता सगळे इंटरनेट फोन. टेबलांखाली आधीच एक्स्टेन्शन बोर्डांची जत्रा भरलेली आहे, त्यात आणखी २४ अ‍ॅडाप्टर कोंबायचे नाहीत. शिवाय लाइट गेली तरी फोन चालू राहायला हवेत. म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज द्यायची, पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट). ३१ जुलैची रिटर्नची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं, ही साहेबांची एकच अट.

खर्च आवरावा म्हणून १४ फोन नवे घेतले आणि १० जुने. जुने म्हणजे सिस्को कंपनीचे ७९४०जी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नगाला ९०० रुपये. दणकट फोन, रिसीव्हर हातात घेतला की वजन जाणवतं. नावातला ‘जी’ मी गिगाबिटचा समजलो आणि मनात खूश झालो. तो गिगाबिटचा नाही हे नंतर कळलं. बटणांवर इंग्रजी शब्दांऐवजी चिन्हं असलेलं, सगळ्या देशांसाठीचं मॉडेल, एवढाच त्याचा अर्थ. गिगाबिटवाल्या फोनच्या नावात ‘जीई’ असतं.

नेटवर्कच्या सगळ्या केबली ज्यात येऊन जुळतात तो स्विच २४ पोर्टचा, म्हणजे २४ खाचांचा, खोक्यावर ठळक अक्षरांत पीओई. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष तिचा नव्हता. आत बारीक टाइपात लिहिलं होतं: ८०२.३एएफ (केबलमधून वीज देण्याचं मानक), एकूण १९५ वॅट. ही ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ कळायला काही दिवस गेले.

१३ जून, गुरुवार

नवे फोन लावायला घेतले. बारा धडाधड लागले. तेरावा मेलेला.

कॉर्ड बदलली, पोर्ट बदलला, फोन बदलला. तेराव्या जागी कुठलाही फोन लावा, तो काळाच. एक चालू फोन काढला की तेरावा लगेच पेटतो. इथेच डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण मी आणखी तासभर क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकांना दाबून बसवलेले प्लग, तपासत बसलो.

हिशोब असा निघाला. एएफ मानकात फोन आपण कुठल्या वर्गातले हे स्विचला सांगतो. वर्ग १ साठी स्विच ४ वॅट बाजूला ठेवतो, वर्ग २ साठी ७ आणि वर्ग ३ साठी १५.४. जो काहीच सांगत नाही तो वर्ग शून्य, आणि त्याच्यासाठीही १५.४ वॅटच राखून ठेवायचे. आमचे नवे फोन शून्यातले. बारा गुणिले १५.४ म्हणजे १८४.८. तेराव्याला धरलं की २००.२. स्विचकडे आहेत १९५. प्रत्यक्षात एकेक फोन स्विचच्या सेटिंगच्या पानावर ३ वॅटच्या आसपास दाखवत होता. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवलेले, बसलेलं कोणीच नाही.

स्विचच्या सेटिंगमध्ये ‘वर्गानुसार’ बदलून ‘प्रत्यक्ष वापरानुसार’ केलं. चौदाही फोन लागले, एकूण वापर ४२ वॅट. ही सोय सगळ्या स्विचमध्ये नसते. नसेल तर पोर्टगणिक मर्यादा घालता येते का ते बघा, या फोनांना ७ वॅट पुष्कळ झाले असते.

वेळ गेला: अडीच तास.

१५ जून, शनिवार

सिस्कोचे दहा. एकही पेटला नाही.

सुदैवाने दुकानदाराने दहा फोनांबरोबर एक अ‍ॅडाप्टर दिला होता, ४८ व्होल्टचा. तो लावला की फोन उठतो, नंबर घेतो, बोलणंही स्वच्छ. म्हणजे फोन ठीक, केबल ठीक. केबलमधून वीज मात्र येत नाही.

एक जुनी पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली आखूड केबल, कापली. केशरी जोडी एका बाजूला आणि हिरवी एका बाजूला सोलून त्यांना मल्टिमीटर लावला. रिकाम्या पोर्टवर आकडा दर दोन-तीन सेकंदांनी किंचित उचलतो आणि पडतो, उचलतो आणि पडतो. दार वाजवून ‘कोण आहे?’ विचारावं तसा. स्विच ३ ते १० व्होल्टच्या दरम्यान हलकासा दाब देऊन बघतो की पलीकडे २५ किलोओहमचा रोध आहे का. तो दिसला तरच ४८ व्होल्ट सोडतो. लॅपटॉपमध्ये तो रोध नसतो, म्हणून पीओई स्विचला लॅपटॉप लावला तरी जळत नाही.

७९४० मध्येही तो रोध नाही. हे मानक आलं २००३ मध्ये आणि सिस्को केबलमधून फोनला वीज देत होती त्याच्याही आधीपासून, स्वतःच्या पद्धतीने. त्यात स्विच एक खूण पाठवतो, वीज नसलेला फोन तीच खूण परत फिरवतो, आणि ती परत आली की वीज सुटते. दोघंही दार वाजवतात, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. एक आकडा पुढचा, ७९४१जी, घेतला असता तर त्याला दोन्ही पद्धती कळल्या असत्या. किमतीत फरक फोनमागे दोनशे रुपयांचा होता. मीच नको म्हणालो होतो.

१८ जून, मंगळवार

फोन परत घेणार नाही म्हणून दुकानदाराने फोनवरच हात झटकले. मूळ अ‍ॅडाप्टर नगाला ६०० सांगतात, तेही मिळाले तर. शिवाय टेबलाखाली अ‍ॅडाप्टर नको हीच तर मूळ अट.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक पांढरी डबी मिळाली. ४८ व्होल्टचा इंजेक्टर, म्हणजे स्विच आणि फोनच्या मध्ये बसून केबलमध्ये वीज घालणारा, ३५० रुपये. डबी काही विचारत नाही, दार वाजवत नाही, प्लग लावला की सरळ ४८ व्होल्ट निळ्या आणि तपकिरी जोडीवर, म्हणजे ४-५ आणि ७-८ या तारांवर. सिस्कोचे हे फोन त्या जोड्यांवरूनही वीज घेतात. घरी टेबलावर लावून पाहिलं, फोन झकास उठला. चार डब्या घेतल्या. दक्षिणेकडच्या ओळीत आधी चार लावू, जमलं तर उरलेल्या सहा आणू.

२० जून, गुरुवार

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण हे लिखाण त्यासाठीच आहे.

रॅकमध्ये दक्षिण ओळीच्या दोन पॅच कॉर्ड विचित्र होत्या. एका टोकाला एक प्लग, दुसऱ्या टोकाला दोन, सापाच्या जिभेसारखे. आधीच्या कोणीतरी केलेला जुगाड म्हणून मी त्या काढून कोपऱ्यात टाकल्या, साध्या सरळ कॉर्ड लावल्या आणि मध्ये इंजेक्टर बसवला. पहिला प्लग आत गेला.

टेबलावरचा फोन काळाच. मी रॅकपाशी उभा राहून डबीवरचा दिवा बघतोय, तोवर अकाउंट्सच्या काकूंचा आवाज: “अहो, माझ्या कॉम्प्युटरमधून कसलातरी वास येतोय!”

धावत जाऊन केबल उपटली. कॅबिनेटच्या मागे लॅन पोर्टपाशी हात लावला तर चटका बसला. वास ओळखीचा, जळलेल्या रेझिस्टरचा, गोडसर आणि घशात बसणारा. काकू अर्धं भरलेलं रिटर्न सेव्ह करून ठेवायच्या सवयीच्या, म्हणून निदान काम गेलं नाही.

पार्टिशनची पट्टी खोलल्यावर सगळं दिसलं. ओळीत टेबलं चार आणि केबली दोनच. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून आधीच्या माणसाने एकेका केबलमधून दोन-दोन टेबलं चालवली होती. केशरी-हिरवी एका आयओ बॉक्सला (टेबलापाशी केबलचा प्लग लावायची डबी) आणि निळी-तपकिरी शेजारच्या बॉक्सला. रॅकमधली ती दुतोंडी कॉर्ड म्हणजे त्याच वाटणीचं दुसरं टोक. मी ती काढली आणि फोनसाठीची वीज निळ्या-तपकिरीवरून थेट काकूंच्या कॉम्प्युटरच्या १-२ आणि ३-६ या डेटाच्या तारांवर गेली.

लॅन पोर्टच्या आत जोड्यांच्या मध्यापासून ७५ ओहमचे रेझिस्टर एकत्र जोडलेले असतात. दोन जोड्यांमध्ये ४८ व्होल्ट दिले तर वाटेत १५० ओहम. हिशोब केला तर १५ वॅट. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा दोन रेझिस्टरवर मिळून १५ वॅट.

एएफ इंजेक्टर असता तर त्याने आधी २५ किलोओहम शोधले असते, सापडले नसते, आणि तो गप्प राहिला असता. फोन तरीही चालला नसता, पण काकूंचा पोर्ट वाचला असता.

तात्पुरती सोय म्हणून यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडाप्टर दिला, ६५० रुपये, माझ्या खिशातून. चारही डब्या पिशवीत परत. काकूंनी चहा पाजला, वर म्हणाल्या, “माझंच टेबल बरं सापडलं तुम्हाला.”

२२ जून, शनिवार

ऑफिस अर्धा दिवस, म्हणून दुपारनंतर निवांत.

स्विचच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ नावाचा एक खटका आहे, मानकापूर्वीच्या उपकरणांसाठी. तो चालू केला की स्विच रोधाऐवजी मोठा कपॅसिटर शोधतो. सरळ कॉर्डवर सिस्को तरीही उठला नाही. मग क्रॉस कॉर्ड लावली, ज्यात १-२ आणि ३-६ ची अदलाबदल असते. फोन पेटला!

कारण धन-ऋणाचं. मानक पाळणाऱ्या फोनमध्ये आत डायोडचा ब्रिज असतो, वीज उलटी आली तरी तो सुलटी करून घेतो. हे जुने फोन तसे उदार नाहीत. क्रॉस कॉर्डने जोड्या बदलल्या की धन-ऋणही बदलतं. डेटाची अदलाबदल स्विच आपली आपण निस्तरतो.

दहापैकी सात फोन असे उठले. तीन नाही उठले, कारण सापडलं नाही. आणि मी खटका बंद केला. सात चालत असताना का? कारण कपॅसिटर फक्त फोनमध्येच असतो असं नाही. कोण कुठल्या पोर्टला काय लावेल याचा या ऑफिसात भरवसा नाही. परवाचा वास अजून नाकात होता. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, जिथे फोनचे पोर्ट फोनलाच ठेवले जातात, तिथे मी हा खटका वापरेनही.

२६ जून, बुधवार

सकाळची डेक्कन क्वीन, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. धो धो पाऊस, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर निळी प्लास्टिकं. शोधायचं होतं एकच: दोन्ही भाषा येणारा स्विच. सिस्को कॅटॅलिस्ट ३५६०, २४ पोर्टचा पीएस. त्याला जुनी पद्धतही कळते आणि एएफही, आणि वीज आहे ३७० वॅट. चोवीसही पोर्टना पूर्ण १५.४ दिले तरी ३६९.६, म्हणजे खुर्च्यांवर रुमाल टाकले तरी चिंता नाही. पोर्ट १० आणि १०० एमबीपीएसचेच, पण ७९४० तरी कुठे त्याच्या पुढे जातो.

दुसऱ्या दुकानात मिळाला. सांगितले ७,०००, दिला ५,५००. ऐकूनच विश्वास ठेवायचा नाही हे आता शिकलो असल्यामुळे पिशवीतून एक ७९४० काढून काउंटरवरच लावला. तीन-चार सेकंदांत रिसीव्हरवरचा लाल दिवा लागला. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, फोन घेऊन फिरता?”

स्विचचं वजन पाच किलोच्या आसपास. परतीला लोकलमध्ये खांद्याचे हाल.

१ जुलै, सोमवार

काम बंद. काल दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, आज मुक्काम. लक्ष्मी रस्त्यावरून दुचाकीही नेता येत नाही, ऑफिसलाही सुट्टी. घरी बसून आयओ बॉक्सवर चिकटवायच्या पट्ट्या छापल्या. कुठल्या बॉक्सला वीज आहे आणि कुठल्याला नाही, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

३ जुलै, बुधवार

३५६० रॅकमध्ये. दहाही ७९४० उठले, २२ तारखेला रुसलेले तीनसुद्धा. स्विचला वीजवाटप विचारलं की दहा ओळी येतात, प्रत्येकीत ‘आयपी फोन ७९४०’, ६.३ वॅट आणि वर्गाच्या रकान्यात ‘एन/ए’. पाठ केल्यासारखं झालं आहे मला. सुरुवातीला प्रत्येकाला १५.४ राखले जातात आणि फोनशी बोलणं झालं की ६.३ वर येतात.

दक्षिण ओळीत दोन नव्या केबली ओढल्या, चार टेबलांना चार स्वतंत्र. केसिंग-पट्टी फोडायला पोरगा दिवसभर, मजुरी ८००.

दुपारी अर्धा तास अख्खं ऑफिस बंद पडलं. फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे आणि एक कॉम्प्युटरकडे. एका आर्टिकलशिपच्या मुलाने मदत म्हणून दोन्ही भिंतीला लावले होते. लूप, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहून नेटवर्क गुदमरतं. याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की नवा फोन बसवला की दुसऱ्या पोर्टवर मी आता चिकटपट्टी मारतो.

६ जुलै, शनिवार

रिसेप्शनच्या ताईंची तक्रार: फोन मधूनच बंद होऊन परत सुरू होतो. नवा फोन आहे, एएफवाला. दिवसातून सात-आठ वेळा.

या टेबलापर्यंतची केबल लांब, ७० मीटरच्या पुढे, आणि पेटी स्वस्तातली. टोक खरवडून पाहिलं तर वरून तांबं, आतून पांढरं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. सापडला चोर असं वाटून मी जवळजवळ नवी केबल ओढायला सांगणारच होतो. मग बसून हिशोब केला. शुद्ध तांब्याच्या केबलमध्ये १०० मीटरला जाऊन-येऊन जास्तीत जास्त साडेनऊ ओहम धरा. अ‍ॅल्युमिनियमवालीला त्याच्या दीडपट-पावणेदोनपट, म्हणजे १५-१६. फोन घेतो ३ वॅट, ४८ व्होल्टवर ६०-६५ मिलीअँपिअर. वाटेत पडला तर एक व्होल्ट पडेल. एएफ फोनला ३७ व्होल्टपर्यंत चालतं. म्हणजे चोर हा नव्हे. २४ व्होल्टचं काही असतं किंवा २५ वॅट ओढणारा व्हिडिओ फोन असता तर गोष्ट वेगळी.

तासभर ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्यांनी कुरिअरची वही काढली, ड्रॉवर लावला, फोन गेला. परत उठायला दीड मिनिट. पुन्हा ड्रॉवर लावायला सांगितला. गेला. ड्रॉवरच्या मागच्या कडेला केबल घासत होती आणि धक्का बसला की प्लगमध्ये एक तार क्षणभर सुटत होती. स्विचला फोन किमान १० मिलीअँपिअर ओढताना दिसला पाहिजे. पाव-अर्धा सेकंद दिसला नाही तर फोन काढून नेला असं समजून तो वीज तोडतो. साध्या लॅनवर एवढा झटका कोणाच्या लक्षातही आला नसता.

प्लग कापून पाहिला. आतली पाती लवचिक, अनेकपदरी तारेसाठीची. एकसंध तारेला ती नुसती टेकून बसते. त्यात अ‍ॅल्युमिनियम मऊ, दाबलं की चपटं होऊन ढिलं पडतं. केबलचं टोक आयओ बॉक्समध्ये पंच करून घेतलं, पुढे तयार पॅच कॉर्ड दिली आणि केबल ड्रॉवरपासून वीतभर लांब बांधली. दोन दिवसांत एकदाही बंद नाही.

मुलामावाली केबल मी पुन्हा घेणार नाही, पण तिच्यावर नाहक आळ घेतला होता हेही खरं.

१२ जुलै, शुक्रवार

सव्वातीनला लाइट गेली, पाऊणएक तास. दोन्ही स्विच यूपीएसवर, २४ फोनांचा वापर मिळून शंभर वॅटच्या आसपास. अंधारात साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

गडबड दुसरीच झाली. अडतिसाव्या मिनिटाला यूपीएसने जीव सोडला. लाइट आली तेव्हा स्विच आणि फोन आधी उठले, फोनांना नंबर देणारा, अ‍ॅस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरचा जुना कॉम्प्युटर मागाहून. सिस्कोचे चार फोन सर्व्हर शोधून थकले आणि तसेच बसले. ३५६० च्या त्या चार पोर्टची वीज रॅकपाशी बसूनच बंद-चालू केली, टेबलाखाली वाकावं लागलं नाही. आता तो कॉम्प्युटर वेगळ्या, छोट्या यूपीएसवर.

२० जुलै, शनिवार

वाया गेलेले पैसे: चार पांढऱ्या डब्या १,४००, लॅन अ‍ॅडाप्टर ६५०, मुंबईची फेरी ८५० च्या घरात. न धरलेला खर्च: ३५६० चे ५,५००, दक्षिण ओळीची मजुरी ८००, पट्ट्या आणि आयओ बॉक्स मिळून १,१००. वेळ ठरला होता तीन दिवसांचा. प्रत्यक्ष कामाचे झाले अकरा. दहा ७९४१जी घेतले असते तर २,००० रुपये जास्त गेले असते, आणि पहिल्याच स्विचवर चोवीसही फोन बसले असते.

बाकी काय राहिलंय: ३५६० चा पंखा. रॅक ज्या खोलीत आहे तिथे एक ज्युनियर बसतो, त्याने कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे. रॅकला दार लावायचं आहे, पण मग गरम किती होईल ते बघून. काकूंच्या कॉम्प्युटरला गिगाबिटचं कार्ड बसवायचं आहे, आणि ती केबल फोनमधून न नेता थेट भिंतीला. फोनमधून गेली की १०० एमबीपीएसवर येते, त्यांचा बॅकअप तासभर रेंगाळतो.

दोन्ही दुतोंडी कॉर्ड रॅकच्या आत खिळ्याला टांगल्या आहेत, ‘काढू नये’ अशी चिठ्ठी लावून. आता त्यांचा काही उपयोग नाही. पोरगा विचारतो, मग ठेवल्या कशाला?